वरचं तळं, खालचं तळं

मी एक नकाशा आहे, पण मला घडी घालता येत नाही की भिंतीवर टांगता येत नाही. मी संगणकावरच्या लढाईच्या खेळात राहतो. चार खेळाडू माझ्या चार कोपऱ्यांत उतरतात, धान्य, लाकूड, लोखंड गोळा करतात, किल्ले बांधतात आणि मग एकमेकांवर चालून जातात.

माझा जन्म इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीत झाला. पुण्याहून आलेल्या आर्याने मला घडवलं. तिची ती पहिलीच नोकरी, आणि तीही अजून कायम झालेली नव्हती.

"आपल्या विमानतळाजवळचं देवनहळ्ळी कर, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं," तिचा वरिष्ठ मल्हार म्हणाला होता. "मॅप स्पर्धेच्या यादीत गेला की तू पर्मनंट."

आर्याने माझे चढउतार आजच्या उपग्रहचित्रांवरून घेतले. त्यामुळे पहिल्या दिवशी माझ्या छातीवर विमानतळाची धावपट्टी होती. ती तिने पुसली. नीलगिरीची झाडं काढली, कारण ती फार नंतर लावलेली. गव्हाच्या जागी नाचणी पेरली. तिथे सोनं निघाल्याचं कुठेच सापडेना, तेव्हा चारही कोपऱ्यांतल्या सोन्याच्या खाणी बुजवल्या. तळी मात्र खेळाच्या नियमाप्रमाणे वाटली. प्रत्येकाला चार, गोल आणि सारखी.

एका दुपारी धनलक्ष्मी अक्का चहा घेऊन आल्या. त्यांचं माहेर निपाणीचं, सासर देवनहळ्ळीजवळच्या खेड्यातलं. शेतावर घरांच्या प्लॉटांचं लेआउट पडल्यावर त्या या ऑफिसात कामाला लागल्या होत्या. कप ठेवता ठेवता त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"ही काय तळी हैत का गवऱ्या, मॅडम? कुठंबी थापल्यात!"

आर्या हसली. "मग कशी असतात?"

"तळं एकटं नसतंय. वरचं भरलं की कोडीवरनं पाणी खालच्या तळ्यात जातंय. ते भरलं की त्याच्या खालच्या."

"कोडी म्हणजे?"

"बांधाची स्वल्प बुटकी बाजू. जास्तीचं पाणी तिथनं सांडतंय. आमच्या तळ्याच्या वर सहा होती, खाली तीन."

आर्याने त्यांना खुर्ची ओढून दिली. पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत अक्का पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या आणि आर्या तळी हलवायची. त्यांच्या गावाच्या जागेवर बोट आलं की अक्कांचा आवाज आपोआप हळू व्हायचा. आठवड्याने माझी तळी उतारावरून एकाखाली एक लागली होती.

मल्हारने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, वरच्या प्लेअरला सगळं पाणी! खालचा मरणार. आणि सोनंही काढलंस?"

"तिथे असंच होतं, सर."

"असेल. पण फेअर नाहीये. सोमवारपर्यंत गोल तळी परत आण."

आर्या सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी ती खाली बघत म्हणाली, "एकदा खेळून तरी बघू या?"

शुक्रवारी ऑफिसातले चौघे खेळायला बसले. श्रीहर्षला वरचा कोपरा मिळाला, हर्षिताला त्याच्या खालचा. श्रीहर्षने पहिल्यांदा काय केलं असेल, तर कोडी बंद केली.

"बस आता कोरडी!" तो हर्षिताला म्हणाला.

पाणी चढत गेलं. त्याला जायला वाट नव्हती. थोड्या वेळाने श्रीहर्षचा बांध फुटला आणि बांधाखालची त्याचीच शेती वाहून गेली. खाली हर्षिताचीही दोन गावं बुडाली.

"हर्षिता, बांधायला लाकूड दे ना."

"कोडी उघडी ठेवशील?"

"ठेवतो गं बाई!"

सगळे हसले. मल्हार हसला नाही, पण खुर्ची ओढून पुढे बसला. त्यानंतर श्रीहर्ष आणि हर्षिता एकमेकांशी लढलेच नाहीत. तरी जिंकला वरचाच.

मल्हारने निर्णय दिला. "स्पर्धेत हा चालणार नाही. वरचाच जिंकतो. असाच ठेवायचा तर स्पर्धेबाहेर, वेगळा ठेवू. पण आर्या, गोल तळी घालून दिलीस तर आजच स्पर्धेच्या यादीत टाकतो."

आर्या म्हणाली, "नको, सर. असाच राहू दे."

"मग तुझं प्रोबेशन तीन महिने वाढेल."

"सरी," ती म्हणाली. 'बरं' अशा अर्थाचा हा शब्द ती अक्कांकडून शिकली होती.

अक्कांना कळलं तेव्हा त्या चिडल्या. "माझं ऐकून नोकरी टांगून ठेवलीस की गं!" आर्याला त्यांनी पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नव्हतं.

आज मी खेळातल्या स्पर्धेबाहेरच्या नकाशांच्या यादीत अगदी तळाशी आहे. दिवसाला वीस-पंचवीस जण येतात. त्यातला एखादा जाताना 'अन्यायी नकाशा' असा शेरा मारून जातो. आर्या शेजारच्या फाइलमध्ये दुसरा नकाशा करते आहे. तिच्या प्रोबेशनचा दीड महिना उरला आहे. तुम्ही कधी माझ्यावर खेळून हरलात, तर खुशाल रागवा. फक्त माझी तळी सारखी करा, असं तिला लिहू नका. ती नाही म्हणेल, आणि ते तिला परवडणारं नाही.