काचेवरचं कुंकू

या, जरा जवळ सरकून बसा. दामूची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

दामू पाहणी पथकातला खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस. जुन्या देवळांच्या भिंती मोजताना टेप धरायची आणि भेगांवर तारीख घालून काचपट्ट्या डकवायच्या, हे त्याचं तीस वर्षांचं काम. भेग हलली की काच तडकते.

फाल्गुनात मुठा खोऱ्यातल्या एका विठ्ठलाच्या देवळात, सभामंडपाच्या भिंतीवर त्याने पट्टी लावली. झाडलोट करणारी जाईबाई बघत होती.

"ही कशापायी रं?"

"ही फुटली की मंडपात बसणं बंद, आत्या. जपा तिला."

बोलून गेला बिचारा.

पावसाळा सरल्यावर परत आला, तर काचेवर कुंकवाचा जाड थर.

"पुसू नगंस," जाईबाई म्हणाली.

"तारीख वाचाया लागती."

"मी सांगते की. तोंडपाठ हाय."

दामू हसला. ओलं फडकं फिरवलं. कुंकू गेलं, पण वरपासून खालपर्यंत एक बारीक लाल रेघ राहिलीच. तडकलेल्या काचेत मुरलेली.

"कवा फुटली?"

"आखाडात." ती खाली बसली. "सप्त्यात मालक हितंच वीणा घिऊन पहाऱ्याला उभं ऱ्हायचं. मी भिंतीला टेकून कीर्तन ऐकायची. मालक गेलं, भिंत हाय. येवढा सप्ता हू दे, मग लिव्ह."

कीर्तन म्हटलं की दामूचाही जीव विरघळायचा. पिशवीत कोरी पट्टी होती. जुनी तारीख घातली असती तर कुणाला कळलं असतं? त्याने ती बाहेरही काढली. तेवढ्यात त्याची नजर सप्त्याचे तांदूळ निवडणाऱ्या बायकांकडे गेली. सगळ्या त्याच भिंतीला पाठ लावून बसलेल्या.

त्याने पट्टी परत पिशवीत टाकली.

"फुटलीय, साहेब," बाहेर फोटो काढणाऱ्या पथकाच्या सुधीरसाहेबांना त्याने सांगितलं.

सप्ता शेजारी पत्र्याच्या मांडवात झाला. जाईबाई मांडवात आली नाही. मंडपाच्या कुलूपबंद दाराला टेकून पायरीवर बसली. दामू जवळ गेला, तशी ती पदर सावरून थोडी सरकली, त्याच्यापुरती जागा केली.

चैत्रात ती गेली.

मंडप अजून बंदच आहे. आता तिथे नवी पट्टी आहे. दामू पाहणीला गेला की त्या पट्टीच्या कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट टेकवतो, तारीख तेवढी मोकळी ठेवून.

कधी कीर्तनाला बसाल, पाठ टेकायला भिंत मिळेल, तेव्हा आमच्या जाईबाईची आठवण करा.