उलटं पेडल

मास्तरांनी आयुष्यात कोणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण शिंपी म्हणून सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. शिकवायचं काम त्यांच्या बायकोचं. त्यांनी शाळेत गाणं शिकवण्यात उमर घालवली, आणि पियानो तर असा वाजवत की खोडकर पोरंही चिमटे काढायचं विसरत. त्यांना सगळे बाई म्हणत. घरात मास्तर बाईंना वचकून असत, आणि ही व्यवस्था दोघांनाही मान्य होती.

गेल्या हिवाळ्यात बाईंना अर्धांगाचा झटका आला. जिभेला धक्का लागला नाही, असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि बाई जागेवरूनच त्यांना चार शब्द सुनावून त्याचा पुरावा देत. पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. उजवा पाय अर्धाच ऐके. उचलून आपटता येई, पण दाबून धरता येत नसे. शाळा सुटली, तिथला पियानो सुटला, आणि बाईंनी गुणगुणणंही सोडून दिलं. खाली दुकान, वर घर. इतकी वर्षं मास्तरांचं शिलाई मशीन खाली चालायचं तेव्हा वरून काही ना काही सूर यायचा. आता नुसतीच मशीनची खडखड. मास्तरांना ती नकोशी झाली होती.

म्हणून त्यांनी बहिणीच्या मुलीला गळ घातली. भाची रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होती. एका रविवारी ती काखेत लांबट खोकं मारून आली आणि पियानोसारख्या पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड टेबलावर, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरशेजारी मांडला.

"मामा, आधी एक ध्यानात घे. याला स्वतःचा आवाज नाही."

"म्हणजे बिघडलेला आणलास?"

"अरे, हा फक्त मापं घेतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ. ती मापं या वायरीतून कॉम्प्युटरकडे जातात. शिवतो कॉम्प्युटर."

हे मास्तरांना चपखल बसलं. माप एकानं घ्यायचं, शिवायचं दुसऱ्यानं. मोठ्या दुकानांतून असंच चालतं. मग भाचीनं बाकीचं दाखवलं. पट्ट्या थोड्याच, पण या बटणानं खालचे सूर पुढे येतात, त्या बटणानं वरचे. हे रबरी चौकोन ढोल-ताशाला, ही गोल बटणं आवाज लहानमोठा करायला. डावीकडे दोन चाकं होती. एक वाकवलं की सूर वाकडा व्हायचा, आणि सोडलं की चाक आपोआप मधोमध परत यायचं.

"ही मामी," भाची म्हणाली. दुसरं चाक जिथे सोडलं तिथेच बसून राहिलं. "आणि हा तू."

मागच्या बाजूला वायरीची जागा, चालू-बंदचा खटका आणि पेडलचं भोक. पेडल दाबून धरलं की पट्टी सोडल्यावरही सूर रेंगाळतो, सोडलं की थांबतो. मास्तरांनी मान डोलावली. पेडलबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, असं त्यांचं मत होतं.

बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या बसून सगळं ऐकत होत्या. "एका हातानं वाजवायचं म्हणजे एका बाहीचा सदरा घालून चारचौघांत जायचं," त्या म्हणाल्या. "मला नको."

भाचीचा चेहरा उतरला. "असू दे थोडे दिवस, मामी. नाहीच लागला तर घेऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी मास्तरांनी स्वतःच जोडाजोडी केली. वायर कॉम्प्युटरला लावली, पेडलची वायर मागच्या भोकात खुपसली आणि खुर्चीवर बसले. बसताक्षणी त्यांचा उजवा पाय पेडलवर गेला. जाणारच. पाय मशीनवर पडल्याशिवाय मास्तरांचे हात कामाला लागत नसत. जेवायच्या टेबलाखालीसुद्धा तो पाय काहीतरी चाचपडत असे. पाय तसाच दाबून ठेवून त्यांनी खटका चालू केला.

पट्टी दाबून सोडली. सूर आला आणि जागच्या जागी तुटला. पेडल तर दाबलेलं होतं! मास्तरांनी वैतागून पाय काढला आणि पुन्हा पट्टी दाबली, तर आता सूर थांबेना. घाबरून त्यांनी दुसरी दाबली, मग तिसरी, आणि सगळे सूर एकमेकांच्या उरावर बसले.

"अहो! सकाळी सकाळी काय मांडलंय?"

"बिघडलं गं! पाय ठेवला की गप्प, काढला की बोंबलतंय. सगळं उलटं!"

बाई काठी टेकत आल्या. बेसूर ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "उठा तिथून," त्या म्हणाल्या आणि निव्वळ रागापोटी खुर्चीवर टेकल्या. डाव्या हातानं त्यांनी खालचा एक सूर दाबला. तो घुमत राहिला. हात उचलून त्यांनी वरच्या दोन-तीन पट्ट्या दाबल्या. खालचा अजून होताच.

बाई थबकल्या. उजवा पाय उचलून त्यांनी पेडलवर टाकला. सगळं स्वच्छ थांबलं. पाय घसरला तसा पुढचा सूर पुन्हा टिकू लागला. खाली एक सूर, मग वर चाल, मग पाय. खालचा सूर कोणीतरी धरून ठेवल्यासारखा टिकत होता आणि डावा हात मोकळा होत होता. बघता बघता त्यांनी शाळा सुटताना वाजवायची ती जुनी चाल धरली, थोडी अडखळत, पण पुरी.

मास्तर दारात उभे होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांच्या हाती गळ्यातल्या टेपशिवाय काही नव्हतं.

पण सुख पचवायलाही अंगात धमक लागते. बिघडलेली वस्तू आज चालतेय, उद्या कायमची बंद पडली तर? दुकानात जाऊन मास्तरांनी भाचीला फोन लावला.

"चालू करताना पाय पेडलवर होता का?" भाचीनं विचारलं. "मग कीबोर्डला वाटलं, दाबलेलं म्हणजेच सोडलेलं. बंद कर, पाय काढ, परत चालू कर. झालं!"

दुपारी बाईंचा डोळा लागला तेव्हा मास्तरांनी चोरपावलांनी येऊन तसंच केलं, आणि मोठं काम उरकल्यासारखे खाली गेले.

संध्याकाळी बाई कोणी न म्हणता खुर्चीवर जाऊन बसल्या. एका हातानं जमतील तसे केसही विंचरले होते. त्यांनी खालचा सूर दाबला, हात उचलला, आणि सूर गेला. पेडलवर पाय टाकला. क्षणभर सूर टिकला, पाय घसरला, पुन्हा गेला. पुन्हा करून पाहिलं. मास्तर जिन्यातून ऐकत वर आले, तोवर बाईंनी थांबवलं होतं. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्या मांडीवर नीट ठेवत होत्या.

"सकाळी उगाच वाटलं मला," त्या म्हणाल्या. "तिला सांगा, घेऊन जा म्हणावं."

आवाजात राग नव्हता. मास्तरांना रागाची सवय होती. हा मऊ आवाज त्यांना दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसांनंतर आजच ऐकू येत होता.

"अगं, मी दुरुस्त केलं."

"काय?"

"पेडल. उलटं होतं ना, ते सुलटं केलं. मला वाटलं, बिघडलंय म्हणून."

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितल्या होत्या नसत्या उचापती?"

हा आवाज ओळखीचा होता. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खटका बंद केला, बाईंच्या सपातेशेजारी आपला पाय सारून पेडल घट्ट दाबलं आणि खटका परत चालू केला. मग पाय अलगद काढून घेतला.

"आता वाजव."

बाईंनी खालचा सूर दाबला आणि हात उचलला. सूर राहिला. त्या रात्री जेवणं उशिरा झाली आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

पुढच्या रविवारी भाची आली ती हसत हसतच. "मामा, हे कायमचं उलटं करून ठेवता येतं. कॉम्प्युटरमध्ये एक खूण केली की झालं. रोज चालू करताना पेडल दाबायला तुला धावत वर यायला नको."

मास्तर तत्परतेनं उठले, पण बाईंनी काठी आडवी धरली.

"काही नको," त्या म्हणाल्या. "आहे ते बरं आहे."

आता रोज सकाळी, गिऱ्हाईक माप द्यायला उभं असतं तेवढ्यात वरून हाक येते, "अहो, पाय!" मास्तर टेप गिऱ्हाइकाच्या गळ्यात तशीच सोडतात आणि जिना चढू लागतात.