कोणीच मरत नाही असा पिक्चर

"ओ हर्षदानी माय! आठे ये, लवकर ये! कुलथेना पिक्चर शे, आन अजून कोनीच मरनं नही!"

सुपडू इतक्या जोरात ओरडला, की कोसाडच्या त्या सरकारी आवासात खालच्या मजल्यापर्यंत बातमी गेली असेल. आत त्याची बायको मालतीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यांचं तरी काय चुकलं? श्रीरंग कुलथे म्हणजे सुपडूचा देव. धुळ्याकडचा माणूस, हिंदीत दिग्दर्शक म्हणून नाव काढलेला. पण त्याच्या सिनेमात कोणीतरी खोकून खोकून मरायचं, कोणीतरी फाटकाशी वाट बघत बसायचं, आणि गाणं औषधालाही नसायचं. लग्नानंतर सुपडूने बायकोला असे दोन दाखवले. तिसऱ्याला तिने हात जोडले. "तुमी जा. माले जित्ती ऱ्हाऊ द्या," म्हणाली. तेव्हापासून सुपडू एकटाच जायचा आणि रडून यायचा. बायकोने एकदा तरी शेजारी बसावं, ही हौस मात्र मनातून गेली नव्हती.

सुपडू जिथे कापडाचे माग चालवायचा त्या सांचाखात्याला आज सुट्टी होती. लेक हर्षदा फोनवर बोलत गॅलरीत गेली, तसा त्याने रिमोट बळकावला. चॅनेल बदलता बदलता पाटीवर कुलथेंचं नाव आलं. सुपडू रुमाल काढून तयारीत बसला. आणि समोर काय, तर बँडवाल्यांची गल्ली! क्लॅरिनेटवाला म्हातारा, ढोल बडवणारी त्याची नात, आणि घटकेघटकेला गाणं. सुपडू चक्रावला. हा कुलथेच का दुसराच कोणी? आता म्हातारा मरणार म्हणून त्याने रुमाल डोळ्यांपाशी नेला, तर म्हातारा नाचायलाच लागला. सुपडूला खुदकन हसू आलं आणि लगेच मयतीत हसल्यासारखी लाजही वाटली. पण पाय ऐकेनात, ते ठेका धरून बसले होते.

शेवटी मालतीबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय व्हयनं?"

"आयक ना, काय गानं शे!" सुपडू गुणगुणत म्हणाला.

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "काय आयकू?"

तेवढ्यात गुजराती शाळेत शिकलेली हर्षदा आत आली आणि हसत सुटली. "पप्पा, टीव्ही म्यूट छे! मीच केलता, फोन आला ना." आईने तिला डोळ्यांनीच दटावलं.

पडद्याच्या कोपऱ्यातली म्यूटची खूण सुपडूला चॅनेलचा शिक्का वाटली होती. तो बावचळून दोघींकडे बघत राहिला. "मंग मी इतला येळ काय आयकं?"

सांच्यांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेलं तरी आवाज पोचत नाही, तिथे माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. सुपडूचा सगळा जन्म त्यात गेलेला. ओठ हलले की शब्द कानात पडलाच, आणि सुट्टीच्या दिवशीही कानात सांचे चालूच. मालतीबाईंना हे केव्हाच कळलं होतं. पण 'डॉक्टरला कान दाखवा' म्हटलं की स्वारी ताटावरून उठायची. म्हणून त्या हल्ली समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायच्या. या वयात बायको इतक्या लाडात आली म्हणून सुपडू बापडा खूश होता!

हर्षदाने आवाज मोठा केला. सुपडूला मात्र क्लॅरिनेट कुठून तरी लांब, कामरेज गावाच्या पलीकडून आल्यासारखं बारीक ऐकू आलं. चालही भलतीच.

"हाई नही," सुपडू म्हणाला. "ते गानं भारी व्हतं." मग तो बायकोकडे वळला. इतकी वर्षं जे दुसऱ्या कोणाला बोलू दिलं नव्हतं, ते त्याच्याच तोंडून निघालं. "माले आयकू येत नही का वं?"

मालतीबाईंना भडभडून आलं. पण त्यांनी पदराला हात पुसले आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"बंद कर तो आवाज," त्या लेकीला म्हणाल्या. "तुना बापनं गानं आयकू दे माले." मग नवऱ्याकडे पूर्ण तोंड वळवून एकेक शब्द सुटा म्हणाल्या, "हां. म्हना आते."

पडद्यावरचा ढोल पुन्हा मुका झाला. हसावं का रडावं, सुपडूला कळेना. त्याने घसा खाकरला आणि ते गाणं म्हणायला लागला, चांगलं मोठ्याने, बेसूर. मालतीबाई त्याच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसल्या. आत तवा धुरावला, तेव्हा हर्षदाच हळूच जाऊन गॅस बंद करून आली.