बाहेरचा दरवाजा मीच

मी राउटर बोलतोय. हो, तोच, ज्याला तुम्ही आधी शिव्या घालता आणि मग बंद करून पुन्हा चालू करता.

आमच्या जमातीत एक रीत आहे. चालू झालं की प्रत्येकाने सगळ्यांना आपली ओळख सांगायची: माझे शेजारी कोण, त्यांच्यापर्यंतची वाट कितपत सोपी, आणि माझं काम काय. कुणी जाळ्याच्या दोन विभागांच्या हद्दीवर बसतो, कुणी बाहेरच्या जगाचा दरवाजा असतो. ऐकणारा ते जसंच्या तसं पुढे पाठवतो आणि त्यावरून आपला नकाशा काढतो. पडताळणी कुणी करत नाही. काम नसताना पाटी लावायची हुशारी आमच्यात नव्हतीच.

एका मोठ्या रुग्णालयाने मला बाहेरचा दरवाजा म्हणून विकत घेतलं. पण बाहेरून येणारी इंटरनेटची तार रस्ता खोदायच्या परवानगीत अडकली. तळमजल्यावरचा जुना राउटर, आमचा म्हातारा, कुरकुरत का होईना, बाहेरची ये-जा सांभाळत होता. मी गप्प होतो. तार नाही, तर दरवाजा कसला?

संगणक विभागाच्या प्रमुख साहेबांना हे खटकलं. विश्वस्त पाहणीला येणार आणि यंत्रांची हालहवाल दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्यावर नवं यंत्र बिनकामाचं दिसणार. त्यांनी माझी देखभाल करणाऱ्या इंजिनियर ताईंना बोलावलं.

"वाट असो नसो, दरवाजा आहे असंच सांगायची सोय असते ना यात?"

"असते साहेब. पण मग सगळे खरंच तिकडे येतील."

"येऊ देत की. तार काय, आज ना उद्या येईलच."

पाहणीच्या दिवशी सकाळी ताईंनी माझ्यात एक शब्द वाढवला: 'नेहमी'. म्हणजे तार असो वा नसो, मी सगळ्यांना सांगत राहणार, बाहेरचा दरवाजा मीच. मग साहेबांनी माझा पासवर्ड बदलून स्वतःकडे ठेवला. पाहणी संपेपर्यंत कुणी मला खरं बोलायला लावू नये.

पाहणी चालू असतानाच डोक्याला मार लागलेला एक बसचालक आला. त्याच्या मेंदूचे फोटो दुसऱ्या शहरातल्या सर्जनना दाखवल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नव्हती. म्हाताऱ्यापेक्षा मी जवळचा, म्हणून फोटो माझ्याकडे आले. मी कुठे पाठवणार? टाकून दिले. पुन्हा आले, पुन्हा टाकले. चालकाची बायको दारात उभी, आणि साहेब विश्वस्तांना पडद्यावरचा माझा हिरवा दिवा दाखवण्यात गुंग.

ताई धावत आल्या. पासवर्ड चालेना, साहेब फोन उचलेनात.

"माफ कर रे बाबा," म्हणाल्या आणि त्यांनी माझा प्लग उपटला.

माझी हाक ऐकू येईना तेव्हा शेजाऱ्यांनी मला सोडून नवा नकाशा काढला आणि ते म्हाताऱ्याकडे वळले. फोटो गेले. चालक वाचला. हे सगळं ताईंनीच मला गोदामात ठेवताना सांगितलं.

चौकशीही झाली. निष्कर्ष: यंत्रात बिघाड. ताईंना परवानगीशिवाय प्लग काढल्याबद्दल लेखी समज. साहेबांना प्रसंगावधानाबद्दल बढती आणि दारावर आधीपेक्षा मोठी पाटी.

मी आता मोडक्या चाकाच्या खुर्च्यांत धूळ खातोय. माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा कुठे लावलंत, तर आधी तो शब्द पुसा. नाहीतर डोळे उघडताच मी सांगेन, बाहेरचा दरवाजा मीच, आणि सगळे विश्वास ठेवतील. मला निदान प्लग तरी आहे. साहेबांचा कुठे असतो, ते ताईंना अजून सापडलेलं नाही.