वाक्यातला कर्ता

मिसेस टोलफसनच्या सातवीच्या इंग्रजीच्या वर्गात मी मदतनीस होते. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावातच माझा जन्म गेला. शिक्षक पुष्कळ पाहिले, पण व्याकरण शिकवता शिकवता पोरांना पोट धरून हसवणारी बाई ही एकच.

त्या आठवड्यात आडपडद्याचे शब्द चालू होते. कडू गोष्ट गोड करून सांगणारे. घरून एकेक शोधून आणायचा होता.

"आमची म्हातारी गाय 'लांबच्या कुरणात गेली'," कोल्बी म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजर गच्च भरला!"

"कुणाचा पदार्थ घशाखाली उतरला नाही की आमची आजी म्हणते, 'वेगळंच झालंय हं!'" ग्रेटानं सांगितलं.

वर्ग खिदळला. बाईंनी फळ्यावर लिहिलं : 'काच फोडली गेली.'

"नुसता शब्दच नाही, अख्खं वाक्यसुद्धा पडदा धरतं. सांगा, कुणी फोडली?"

"कोल्बीनं!"

"सापडला कर्ता," बाई म्हणाल्या. कोल्बीनं उठून मुजरा केला.

तासाचा उरलेला वेळ कादंबरीचा असे. नदीवर होडी चालवून माणसं पैलतीरी नेणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती. मोठ्यानं वाचायला सगळ्यांना पा न्या हवी असायची. ही वांग कुटुंबातली मुलगी. घरी त्यांची हमोंग भाषा बोलायची, वर्गात क्वचितच तोंड उघडायची. पण पुस्तक हातात आलं की तिचा आवाज मोकळा व्हायचा. खिडकीबाहेर बघत बसणारी पोरंसुद्धा मान वळवून ऐकायची.

गुरुवारी मिस्टर रीस्टाड वर्गावर आले. गावातल्या सगळ्या शाळांचे ते प्रमुख. बाईंची नोकरीसुद्धा त्यांच्याच सहीवर.

"मुलांनो, अभ्यासक्रम सुटसुटीत करण्यात आला आहे," ते म्हणाले. "लांब कादंबऱ्यांना सोमवारपासून विश्रांती देण्यात येत आहे. त्यांच्या जागी छोटे उतारे दिले जातील."

पा न्यानं हात वर केला. मला वाटलं, बाहेर जायचं असेल.

"सर, विश्रांती म्हणजे काढूनच टाकणार ना?"

"म्हणजे... तसं म्हण हवं तर."

"पण मग कोण काढतंय? तुमच्या एकाही वाक्यात कर्ता नाही."

उद्धटपणा औषधालासुद्धा नव्हता. अडलेला शब्द विचारावा तसं तिनं विचारलं होतं. कोणीतरी फिस्सकन हसलं. मी बाईंकडे पाहिलं. 'खाली बस' एवढं त्या म्हणाल्या असत्या तरी प्रकरण मिटलं असतं. पण त्यांनी खडू खाली ठेवला आणि त्यासुद्धा उत्तराची वाट पाहू लागल्या.

रीस्टाडांचे कान लाल झाले. आता भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढली आणि मुलांच्या उंचीला येऊन बसले.

"मी," ते म्हणाले. "मी काढतोय. परीक्षांत आपण घसरलो, तेव्हा मी घाबरलो. उताऱ्यांनी गुण वाढतील असं मला वाटतं. कदाचित मी चुकतही असेन."

"थँक यू, सर. आता समजलं." ती बसली, पण लगेच पुन्हा उठली. "होडी अजून पुरात अडकलीय. ते तरी वाचू?"

"पुरं करा," ते म्हणाले. "मीच सांगतोय." आणि स्वतःच हसले.

ते गेल्यावर कोल्बीला राहवेना. "मिसेस टोलफसन, आपण जिंकलो की हरलो?"

"बाकीची पुस्तकं गेली, कोल्बी. हरलो." बाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. "पण एवढ्या जणांसमोर 'मी' म्हणायला छाती लागते. त्या माणसानं ती दाखवली, हे विसरू नका. आणि असं विचारायलाही छाती लागते, ती पा न्यानं दाखवली."

पा न्यानं तोंड पुस्तकात खुपसलं होतं. बाईंनी स्वतःचं नाव घेतलं नाही. पण साहेबाला आपल्याच वर्गात असा प्रश्न विचारू देणारी दुसरी शिक्षिका मी पाहिलेली नाही.

सोमवारी इतर कादंबऱ्यांचे खोके तळघरात गेले. आमची होडी मात्र चालू राहिली. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी दार हळूच उघडलं. मिस्टर रीस्टाड आत आले आणि मागच्या बाकावर ग्रेटाशेजारी टेकले. पा न्या वाचत होती. तिनं मान वर केली नाही. ग्रेटानं आपलं पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं आणि कुठल्या ओळीवर आलोय ते बोटानं दाखवलं.