माझ्या घड्याळावरची चिकटपट्टी

मी एक खेळ बोलतोय. मैदानावरचा नव्हे, पत्त्यांचाही नव्हे. नर्सिंग कॉलेजच्या कॉम्प्युटरवरचा. एका रुग्णाचे जंतू दुसऱ्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून काय करायचं, ते मी मुलींना शिकवतो. हात कसे धुवायचे हे सांगत आयुष्य गेलं, आणि मला स्वतःला हात नाहीत.

माझ्या पोटात एक वॉर्ड आहे. चार खाटा आणि एक बेसिन. तिसऱ्या खाटेवरचे आजोबा सारखे खोकतात. ते कधी बरे होत नाहीत आणि घरीही जात नाहीत. बेसिनवर टिचकी मारली की पडद्यावर एक वर्तुळ उमटतं आणि सावकाश भरत जातं. तीस सेकंद. तेवढा वेळ नुसतं थांबायचं आणि बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं कशी चोळली जातात ते बघायचं. हे वर्तुळ कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी मागून घेतलं होतं. वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. मला बनवणाऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "बाकी काही कमी-जास्त चालेल, पण इथे मुलींना थांबव."

त्याने थांबवलं. पण खेळ म्हटला की घड्याळ हवंच, असं त्याचं मत. त्याने कोपऱ्यात पाच मिनिटांचं घड्याळ बसवलं आणि त्यापुढे गुण कापायला लावले. आता बघा, चार रुग्ण, प्रत्येकाला हात लावायच्या आधी एकदा धुवायचं, नंतर एकदा. आठ वेळा अर्धं मिनिट, म्हणजे चार मिनिटं बेसिनपाशीच गेली. उरलेल्या एका मिनिटात चौघांची मलमपट्टी. हे गणित त्याने केलं नाही, मॅडमच्याही ध्यानात आलं नाही. मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतं?

मुली हुशार. चिमणी म्हणून एक चटपटीत मुलगी होती, तिला पहिल्याच आठवड्यात शोध लागला की वर्तुळावर दोनदा टिचकी मारली की ते लगेच भरतं. बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली पळवाट, काढायची राहून गेलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला नव्वदच्या वर गुण. मी पडद्यावर फुलं उधळली. दुसरं काय करणार, मला तसंच बनवलंय.

एकच मुलगी थांबायची. तिला सगळ्या गोगलगाय म्हणत. वर्तुळ भरेपर्यंत ती टेबलावर स्वतःचे कोरडे हात चोळत बसायची. पहिल्यांदा बावन्न गुण, दुसऱ्यांदा पंचावन्न. तीन संधींत साठ मिळाले नाहीत तर खऱ्या वॉर्डात पाठवत नसत, सहा महिने वाया जात.

तिसऱ्या वेळी चिमणी तिच्या कानाशी लागली. "अगं बाई, दोनदा टिचकी मार आणि मोकळी हो. हा खेळ काय तुझे हात हुंगायला येणार आहे?"

गोगलगायीने चोळायचे हात थांबवले. मग तिने मारल्या टिचक्या. एक्याण्णव. मी फुलं उधळली, आणि तेव्हा मला माझीच चीड आली.

आठ दिवसांनी ती खऱ्या वॉर्डातून सरळ मॅडमकडे आली. मी चालूच होतो, सगळं ऐकलं.

"मॅडम, माझे एक्याण्णव खोटे आहेत. आज एका म्हाताऱ्याची जखम बांधायला निघाले, बाटलीतलं हात चोळायचं औषध हातावर घेतलं, बोटं दोनदा एकमेकांवर आपटली आणि चालू लागले. सिस्टरनी मनगट धरलं. म्हणाल्या, टाळ्या कसल्या वाजवतेस? मला कळलंच नव्हतं हो."

"अगं, पण तुझे सहा महिने जातील."

"जाऊ देत. त्या म्हाताऱ्याच्या पोटाला टाके होते."

मॅडमनी तिला नव्याने बसवलं. या खेपेला ती पूर्ण थांबली. अठ्ठावन्न. मग मॅडमनी कागद घेऊन ते आठ वेळा अर्ध्या मिनिटाचं गणित मांडलं आणि कपाळाला हात लावला. वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं: बाकी सर्व विद्यार्थिनी उत्तीर्ण झाल्या आहेत, तेव्हा खेळात दोष दिसत नाही.

बनवणारा नोकरी सोडून कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. चिमणी आणि बाकीच्या वॉर्डात आहेत. त्यांच्या हातांचा विचार मी करत नाही. केला तर करमत नाही.

मॅडमनी माझ्या घड्याळावर जखमेची चिकटपट्टी लावली आहे. आता मी एका डोळ्याने अधू दिसतो. गोगलगायीचे सहा महिने गेलेच; ती रोज दुपारी येते, नव्या मुलींना शेजारी बसवते आणि सांगते, "थांबा. भरू दे ते."

तुमच्यापैकी कुणाला मला उघडता येत असेल तर एवढं करा, ते घड्याळ काढून टाका आणि ती पळवाट बुजवा. कारण पट्टी वरून आहे, आत घड्याळ चालूच आहे. त्या मुली शहाण्यासारख्या थांबतात, आणि मी पट्टीखाली त्यांचे गुण कापत असतो.