तरस, खात्री ९१ टक्के

त्या रविवारी मी शिरूरहून कवठे येमाईला पोचले तेव्हा आबा माळावर चार पायांवर होते.

ते त्यांचं कामच होतं. जंगली जनावरांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेनं माळावर कॅमेरे बांधले होते. समोरून काही हललं की ते आपोआप फोटो काढत. कॅमेरा बसवला की तो खरंच टिपतो का हे बघायला कुणीतरी त्याच्यासमोरून जनावराच्या उंचीवर जावं लागतं. टिपलं की तांबडा दिवा लुकलुकतो. माणसानं ताठ चालून भागत नाही, कारण लांडगा ताठ चालत नाही. एवढं शास्त्र मलाही पटत होतं. रांगायचं कुणी, हे मात्र शास्त्रात लिहिलेलं नव्हतं. संस्थेत जिमला जाणारी पंचविशीतली पोरं होती. रांगायचे सत्तरीचे आबा.

सर बाभळीच्या सावलीत खिशात हात घालून उभे होते. सर म्हणजे संस्थेचे संचालक. गवताळ माळांवर त्यांनी इतकी भाषणं केली होती की गवतात बसायला त्यांना वेळ मिळाला नसावा.

"म्हस्कू, अजून खाली. तरस एवढा उंच नसतो रे."

"तरसाला गुडघेदुखी नसती सायेब!"

सर हसले. कुणाच्या गुडघ्यांवर हसावं याचं त्यांना चांगलं भान होतं. स्वतःच्या वयाच्या माणसाला ते 'अहो' म्हणत, आबांना 'अरे'.

थंडी होती, म्हणून आबांनी पाठीवर घोंगडी टाकली होती. ती एका बाजूला लोंबत होती. मी डबा हातात घेऊन उभी होते. पुढं जावं, त्यांच्या दंडाला धरावं आणि उठवावं, असं फार वाटलं. पण सरांसमोर लेकीनं उठवलेलं त्यांना आवडलं नसतं. मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

दिवा लुकलुकला. सर जीपकडे गेले. आबा माझ्याजवळ येऊन बसले आणि तळहातातली कुसळं काढू लागले.

"सरांना सांगा की एकदा रांगायला," मी म्हणाले.

"त्येंची प्यांट खराब व्हईल." हे ते गंभीरपणे म्हणाले. मग हसले. "आगं, ल्हानपणी फुकट रांगलो, आता मानधनावर रांगतोय. बढतीच म्हण की."

आबांना जनावरांचं फार कळायचं असं नाही. मेंढरं विकून शेती धरली त्याला जमाना झाला होता. कोल्हा दिसला तरी ते बेधडक लांडगा म्हणत. त्यांना आवडायची ती संस्थेची टोपी. ती घालून ते देवळात जात. त्या टोपीचाही मला राग यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात दावणीपाशी टेकले. आई चहा घेऊन गेली तेव्हा मान कलली होती.

फोटो ओळखायचं काम माझ्याकडे होतं. तेही आबांनीच गळ्यात बांधलेलं. "आमची स्वप्नाली कॉलेजात शिकवती, ती बघंल की," असं त्यांनी सरांना परस्पर सांगून टाकलं होतं. काम सोपं होतं. संगणक प्रत्येक फोटोला नाव सुचवतो: कोल्हा, खोकड, ससा, तरस. सोबत खात्रीचा आकडा. आपण ते मान्य करायचं किंवा दुसरं नाव द्यायचं. 'माणूस' हे नाव दिलं की फोटो कायमचा पुसला जातो. गावकऱ्यांच्या खासगीपणासाठी, असं सर सांगत. ज्या माणसाला 'अरे' म्हणायचं त्याचा खासगीपणा जपायचा, ही त्यांची सभ्यता.

आबा उभे दिसले की संगणक त्यांना आपणहून पुसायचा. रांगताना दिसले की मात्र गोंधळायचा, आणि ते फोटो माझ्यापुढं यायचे. मी 'माणूस' म्हणायचे आणि पुढं जायचे. घरी जिवंत आबा होते. पडद्यावरच्यांचं काय एवढं.

दहावा झाल्यावर संस्थेनं वरवंडच्या कार्यालयात शोकसभा ठेवली. आई आली नाही. खुंटीवरची घोंगडी तिनं कुणाला हलवू दिली नव्हती आणि घरही सोडलं नव्हतं. मी गेले. हायवेचे ट्रक खिडकीतून ऐकू येत होते. टेबलावर सामोसे होते, आबांचा फोटो नव्हता.

"म्हस्कू हा या माळाचा आत्मा होता," सर म्हणाले. आत्म्याला संस्थेनं हातमोजे कधी दिले नव्हते. "तो गेला, पण जाता जाता आपल्याला एक भेट देऊन गेला."

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर फोटो आला.

आबा. चार पायांवर, मान खाली. घोंगडीची कड लोंबलेली, पुढचा भाग उंच, मागचा उतरता. भोवती पिवळी चौकट आणि वर लिहिलेलं: तरस, खात्री ९१ टक्के.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, मोकळेपणानं, जणू परवानगी मिळाली. जीप चालवणारा बाळासो तेवढा सामोशाकडे बघत राहिला.

"हा त्या शेवटच्या रविवारचा," सर मला म्हणाले. "तू सुट्टीवर होतीस, म्हणून मीच मान्य केला. दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवणार आहे. यंत्राला फसवणारा माणूस!"

"त्यांनी कुणाला फसवलं नाही. तुम्ही सांगितलं तेवढं खाली वाकले."

"स्वप्नाली, आम्ही प्रेमानं हसतोय गं."

"कळलं ते. उठा, मला बसू द्या."

ते उठले. बहुधा मी रडणार आहे असं त्यांना वाटलं, आणि रडणाऱ्या बाईला खुर्ची देण्याइतके ते सुसंस्कृत होते. मी नावांची यादी उघडली.

"अगं, थांब! माणूस केलंस तर उडेल तो. कॅमेऱ्यातलं कार्डसुद्धा कोरं करून परत लावलंय. त्याचा शेवटचा फोटो आहे. विचार कर."

यात मात्र ते खरं बोलत होते. आयुष्यभर पुस्तकं वाचून मी एवढं शिकले आहे की हलक्या माणसाच्या तोंडूनही कधीकधी खरं निघतं, आणि ते ऐकून घ्यावं लागतं. तरस म्हणून ठेवलं तर आबा राहतील, दिल्लीच्या भिंतीवर, सामोसे खाणाऱ्यांच्या पुढं. माणूस म्हटलं तर ती लोंबती कड, तो गुडघा, ती थंड सकाळ, काही राहणार नाही. घरी आमच्याकडे त्यांचे दोनचार फोटो आहेत, सगळे लग्नांतले, गर्दीत. हा एकट्यांचा होता.

मी भिंतीकडे पाहिलं. बाजूला, चौकटीच्या अगदी काठावर, एक डबा धरलेला हात आला होता. माझा.

"राहू दे ना," सर म्हणाले. "आठवण म्हणून."

"सर, तुम्हाला आठवण हवी असेल तर कवठ्याच्या माळावर जा. कॅमेरा अजून तिथंच आहे. रांगून बघा. मी दिवा लुकलुकतो का ते सांगेन."

कुणी हसलं नाही. बाळासो खोकला.

मी 'माणूस' निवडलं. कायमचं पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. बोट बटणावर होतं, आणि आबा भिंतीवर अजून वाकलेलेच होते, कुणी सांगेपर्यंत असंच राहायचं असल्यासारखे. खोली भरलेली होती. तरी मी मोठ्यानं म्हणाले,

"आबा, उठा आता."